बंद केलेला नंबर

एका कंपनीच्या फोनातून दुसऱ्या कंपनीच्या फोनात माणसाचं सामान हलवून द्यायचं, हा माझा धंदा. लोकांना वाटतं, वायर जोडली की झालं. अहो, झालं कसलं! ही दोन घराणी आहेत आणि त्यांच्यात सोयरीक काही जुळत नाही. फोटो येऊ देतात, नंबर येऊ देतात, मेसेजला दारात तासभर ताटकळत ठेवतात, आणि काही गोष्टींना तर सरळ म्हणतात, हे आमच्याकडे चालत नाही. गिऱ्हाईक मात्र माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतं. अमका फोटो कुठे गेला, तमकं गाणं कुठे गेलं. गेलं असेल कुठेतरी, मी काय खाल्लं? पण असं म्हणता येत नाही. मी म्हणतो, "बघतो हं."

माझ्या गाळ्याला लागून टाचणीमावशींचा गाळा. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे त्यांचं मशीन दिवसभर माझ्या कानात. मावशी नवीन काही शिवत नाहीत. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर बदलणं, एवढंच. तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी आणि तेही मिटल्या ओठांनी. म्हणून अख्खा बाजार त्यांना टाचणीमावशी म्हणतो. वय असेल चौसष्ट-पासष्ट. आधी नवरा-बायको दोघं मिळून गाळा चालवायचे. काका गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या मशीनवर मावशींनी जुनी चादर टाकून ठेवली आहे आणि तिच्यावर तयार कपड्यांचा ढीग असतो.

माझा स्वभाव तिरसट. लपवून काय करू, बाजारात विचारा कोणालाही. माझं कोणाशी फार वेळ पटत नाही. मावशींशी पटलं, कारण त्या बोलत नाहीत. चार वाजले की प्लायवूडवर दोन टकटक. मी माझा कप घेऊन तिकडे जायचं, त्यांच्या थर्मासातला चहा प्यायचा, गिऱ्हाइकांना मनसोक्त नावं ठेवायची, परत यायचं. नऊ वर्षांत एवढंच नातं, पण रोजचं.

तर मावशींचा जुना फोन मरायला टेकला. काचेवर बोट आपटून आपटून नखं दुखायला लागली, तेव्हा त्यांच्या भाचीनं आपला एक वापरलेला फोन आणून दिला. फोन चांगलाच होता, पण दुसऱ्या घराण्यातला. दोन्ही फोन एका पिशवीत घालून मावशी माझ्याकडे आल्या.

"हलव बाबा सगळं. काही राहायला नको."

"मावशी, घर बदलताना सुद्धा झाडू राहतोच कुठेतरी."

"तुझं तोंड राहू दे. सामान हलव."

बसलो. माणसाचा फोन उघडला की माणूस उघडा पडतो, म्हणून मी सहसा बघत नाही. पण यादी तपासावीच लागते, इकडे किती होते आणि तिकडे किती आले. मावशींच्या फोनात सहाशे बारा नंबर होते, आणि माणसाचं नाव एकालाही नव्हतं. 'राखाडी पँट दोन बोटं'. 'जाड दंड डॉक्टरीण'. 'भांडखोर कोट'. 'कंबर वाढतच चालली'. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना माणसं कपड्यावरूनच आठवायची, त्याला कोण काय करणार! नाही म्हणायला शेवटी तीन नाती सापडली. भाची, बहीण आणि दवाखाना. दवाखान्याला नातं म्हणतात का ते मला माहीत नाही, पण मावशींच्या यादीत तो त्यांच्यातच होता.

फोटो अकराशेच्या वर. कपडा हातात आला की मावशी आधी त्याचा फोटो काढतात. कुठे डाग आहे, कुठे झिजलाय. नंतर गिऱ्हाईक म्हणायला नको की हे तुम्हीच केलंत. त्या अकराशेत चेहरा असलेले फोटो अकरा, आणि त्यांतले नऊ भाचीने स्वतःच स्वतःचे काढलेले. तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं.

संध्याकाळी फोन त्यांच्या हातात दिला. मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. हे त्या फार क्वचित करतात.

"तो बंद केलेला नंबर पण आला का?"

मी विसरूनच गेलो होतो. सहा वर्षांपूर्वी, काका गेल्यावर पंधरा दिवसांनी, मावशी अशाच माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "एक नंबर बंद करून दे. त्याचा फोन मला यायला नको." मी विचारलं, "कोण त्रास देतंय? सांगा, दोन शिव्या हासडतो." त्या म्हणाल्या, "माझा मुलगा आहे." मी नंबर ब्लॉक करून दिला. पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते इतकंच, की काका अकरा दिवस दवाखान्यात होते. मुलगा दूरच्या शहरात, विमानानं जावं लागतं इतक्या दूर. तो रोज फोनवर विचारायचा, कसे आहेत. आणि अकराव्या दिवशी, सगळं संपल्यावर म्हणाला, "आता येऊन काय उपयोग?" तो आलाच नाही.

बाजारात कोणी विचारलं की मावशी मान ताठ करून सांगायच्या, "मुलगा आहे ना. मीच त्याचा फोन बंद केलाय."

त्या संध्याकाळी मला घरी जायची घाई होती. मी म्हणालो, "सगळं आलंय हो मावशी, अगदी शिंकसुद्धा." आणि शटर ओढलं.

तीन दिवसांनी एक गिऱ्हाईक तणतणत आलं. त्याचाही फोन मीच हलवून दिला होता. कर्ज घ्या, कर्ज घ्या करणाऱ्या कोणा बाईला त्यानं ब्लॉक केलं होतं, ती पुन्हा सुरू झाली होती. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी या घरातून त्या घरात जातच नाही! बारा वर्षं हा धंदा करतोय, फोटो मोजतो, नंबर मोजतो, मेसेज मोजतो. पण माणसानं ज्याला नको म्हटलंय, ते कधी मोजलंच नाही. ते सामान आहे असंच मला कधी वाटलं नव्हतं.

मला शरम वाटली. चारच्या चहाची वाट न बघता गेलो.

"मावशी, चूक झाली. तो नंबर काही बंद झालेला नाही. द्या फोन, एक मिनिटाचं काम."

त्यांचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. सुई कापडात तशीच.

"म्हणजे त्यानं केला तर वाजेल?"

"हो. म्हणून तर म्हणतो, द्या इकडे."

त्यांनी चाक फिरवून सुई वर घेतली.

"राहू दे," म्हणाल्या. "बघू."

मला वाटलं, चला, बरंच झालं. आईचा राग किती टिकणार? माझ्या चुकीनं एक घर जुळतंय की काय, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. मूर्ख मेला!

दुसऱ्या दिवसापासून मावशी बदलल्या. एरवी फोन पिशवीत, पिशवी खिळ्याला. आता फोन मशीनवर, सुईच्या शेजारी. मला विचारलं, "ह्याचा आवाज आणखी मोठा होतो का रे?" मी केला. दोन दिवसांनी पुन्हा, "आणखी?" मी म्हणालो, "मावशी, याच्यापुढे भोंगाच बसवावा लागेल." त्या हसल्या, पण फोन काही परत पिशवीत गेला नाही. फोन वाजला की टाचण्या थुंकल्यासारख्या बाजूला काढून झडप घालायच्या. आणि मग भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "हो, झालाय कोट. घेऊन जा." तेवढ्या दोन शब्दांत आवाज उंचावरून खाली यायचा. मी इकडे बसून ऐकायचो. भिंत वरपर्यंत का नाही बांधली, म्हणून सुताराला शिव्या द्यायचो.

एकदा त्यांनी दुसऱ्याच माणसाची पँट चार बोटं आखूड केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो माणूस आरडाओरडा करायला लागला तेव्हा मी मध्ये पडलो आणि भांडण माझ्या अंगावर ओढून घेतलं, कारण त्यात मी तरबेज आहे. तो गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, तुम्हीच का नाही लावत त्याला? नंबर तर पाठ असेल."

"पाठ आहे."

"मग?"

"मी केला तर उचलेल तो. कसा आहेस, बरा आहे, तू कशी, बरी. तेवढं मला माहीत आहे." त्यांनी कात्री उचलली. "आपण होऊन करतोय का, ते बघायचंय मला."

मी चहा पिऊन आलो.

माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकाचा जुना फोन मी दीड महिना पुसत नाही, खणात ठेवतो. कोणाला ना कोणाला मागून काहीतरी आठवतंच. मावशींचा फोन तिथंच होता. आणि त्या जुन्या घराण्याची एक खोड मला माहीत होती. बंद केलेल्या नंबरावरून कोणी फोन केला, तर तो वाजत नाही, पण आत कुठेतरी गुपचूप नोंद राहते. मावशींना हे माहीत नव्हतं. मी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना तो फोन चार्जिंगला लावला. खरं सांगतो, मला वाटलं होतं पन्नास-शंभर सापडतील. ते नेऊन दाखवीन, म्हणेन, बघा मावशी, किती वेळा केलाय पोरानं. मग त्या स्वतः फोन लावतील. सगळं माझ्या मनात ठरलेलं होतं.

यादी उघडली. तीन फोन. तिन्ही पहिल्या दोन दिवसांतले. त्यानंतर सहा वर्षं काही नाही.

मला इतका संताप आला की हातातला स्क्रू-ड्रायव्हर भिरकावला. तीन? तीन फोनांत आई संपली तुझी? अरे, वीज गेली तर लोक तक्रारीला दहादा फोन लावतात! मग संताप ओसरला आणि मागे नुसतं वाईट वाटणं उरलं. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. मी तो फोन परत खणात टाकला आणि त्या दिवशी चहाला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर आठवड्याभरानं मावशी माझ्या गाळ्यात आल्या. दुपारची वेळ, बाजार सुस्तावलेला. समोरच्या स्टुलावर बसल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या.

"जुन्या फोनात कळतं का रे, बंद असताना कोणी केला होता का ते?"

त्यांना हे कोणी सांगितलं, कोण जाणे. कदाचित कोणीच नाही. विचार करकरून माणूस पोचतो तिथपर्यंत. मी त्यांच्याकडे न बघता समोरच्या फोनाचा एक स्क्रू फिरवत राहिलो. तो आधीच घट्ट होता.

"तो तर मी पुसून टाकला, मावशी. आता काही कळायचं नाही."

मी खोटं बोलताना कान लाल होतात, असं बायको म्हणते. मावशी माझ्या कानांकडे बघत होत्या की काय, देव जाणे.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

मग त्या बोलायला लागल्या, आणि नऊ वर्षांत त्या माझ्याशी एवढं सलग कधी बोलल्या नव्हत्या.

"बंद होता तेव्हा मला वाटायचं, करत असेल. रविवारी सुट्टी असते, रविवारी नक्की करत असेल. लावतो, लागत नाही, चरफडतो. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, जेवताना मनात म्हणायचे, लाव लेका, लाव. आई एवढी स्वस्त नाही. सहा वर्षं माझे रविवार असे छान गेले बघ. आणि आता छत्तीस दिवस झाले. पाच रविवार. फोन ताटाशेजारी घेऊन बसते. घास उतरत नाही."

चूक माझी होती आणि ती कशी दुरुस्त करायची, ते मला येत नव्हतं. मी इतकंच म्हणालो, "मावशी, मी आहे ना इथं." म्हणालो आणि स्वतःलाच ओशाळवाणं वाटलं. मी कोण? भिंतीपलीकडचा.

"आहेस रे," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्यासमोर ठेवला. "परत बंद करून दे."

त्यांनी एकेक आकडा सांगितला, न अडखळता. मी दाबत गेलो. सगळे आकडे झाल्यावर खरंच बंद करायचा का, असं फोननं विचारलं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी 'हो' दाबलं.

"झालं?"

"झालं."

"नक्की ना? मागच्यासारखं नको."

"नक्की, मावशी."

त्यांनी फोन पुसला आणि उठल्या. दारात थांबून, महिन्याभरात पहिल्यांदा, जरा हसल्यासारखं केलं.

"आता करू दे त्याला, किती फोन करायचेत ते."