मोठ्याने सांगितलेला पत्ता

व्हर्लीन बुलकची पन्नाशी उलटली तरी तिने जन्मात एकदाही मत दिलं नव्हतं. बायकोने डोकं चालवलं की घर बुडतं, असं तिचा नवरा रॉस्को म्हणायचा, आणि तो नुसतं म्हणून थांबणाऱ्यांतला नव्हता. एकदा त्याने तिचा जबडा मोडला. एकदा गाडीच्या दारात तिची बोटं धरून वर दार आपटलं. दर वेळी काउंटीचा पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, यायचा. रॉस्कोबरोबर हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस तो; रॉस्कोच्या खांद्यावर हात टाकून 'जरा दमानं घे, गड्या' म्हणायचा आणि वळून व्हर्लीनला विचारायचा, तू काय केलं होतंस? जबडा तारांनी बांधलेली बाई काय उत्तर देणार, कपाळ!

शेवटी तो शिकारीला गेलेला असताना ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली. काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, तंबाखूच्या शेतामागे चाकांवरचं एक जुनं ट्रेलरचं घर तिने भाड्याने घेतलं. जवळच्याच डुकरांच्या कत्तलखान्यात मांस कापायला उभी राहू लागली. पत्ता कुणालाही सांगितला नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

त्या वर्षी शेरीफची निवडणूक आली. त्या माणसाला घरी बसवायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. नाव नोंदवायची मुदत तिने भीतीपोटी घालवली होती. पण आमच्याकडे निवडणुकीआधी काही दिवस लवकर मतदान चालतं, आणि तेवढ्या दिवसांत विजेचं बिल दाखवलं की तिथल्या तिथे नाव नोंदवून मतही देता येतं. ऐन निवडणुकीच्या दिवशी नोंदणीला गेलात तर हात हलवत परत या. लवकर मतदानाच्या शेवटच्या शनिवारी ती कामाची पाळी संपवून थेट मतदान चाललेल्या अग्निशमन दलाच्या हॉलवर गेली. बाहेर, जिच्या आत प्रचाराला मनाई असते त्या खडूच्या रेषेपलीकडे, उमेदवारांची माणसं हात धरून कागद कोंबत होती, आणि चर्चच्या बायका कढईत मासे तळत होत्या.

आत टेबलाशी म्हातारे ग्रेडी बसले होते. माणूस देवमाणूस, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायला लावलं. व्हर्लीनने विजेचं बिल पुढे सरकवलं.

"यावर आहे ना सगळं," ती म्हणाली.

"आहे गं बाई, पण ते तोंडाने सांगावं लागतं. आणि जरा जोरात सांग, माझं कानाचं यंत्र आज रुसलंय."

तिने मागे वळून पाहिलं. रांगेत तिच्या पाठीलाच रॉस्कोची बहीण टेरीथा उभी होती, डोक्यावर चर्चची निळी टोपी. गोड हसत होती. पत्ता सांगितला तर तो संध्याकाळच्या आत रॉस्कोच्या कानावर जाणार होता. न सांगता निघाली तर शेरीफ आणखी चार वर्षं बसणार होता. व्हर्लीनने पत्ता असा सांगितला की दाराशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला.

पहिल्यांदा मत देणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायची आमच्याकडे रीत आहे. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. टेरीथानेही वाजवल्या.

"तब्येत सुधारली गं वहिनी," ती म्हणाली. "दादाला सांगते हं."

व्हर्लीनने मत दिलं, बाहेर येऊन तळलेला मासा घेतला आणि घरी गेली. पळून जायचं तिच्या मनातही आलं नाही. भाड्याचं का होईना, घर तिच्या नावावर होतं, पळायचं कुठे? तिने शेरीफच्या कचेरीत फोन करून नवरा मारायला येतोय म्हणून सांगितलं. माणूस पाठवतो, असं उत्तर मिळालं. तो माणूस काही आला नाही.

ऊन असतानाच रॉस्को आला. गाडीचं चाक खोलायची सळई त्याच्या हातात होती. दार पहिल्या घावातच बिजागरीतून सुटलं. दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. केसांना धरून त्याने तिचं तोंड चुलीच्या कडेवर आपटलं. दोन दात जमिनीवर पडले. मत द्यायला गेलीस का, मत, असं तो दर घावाला विचारत होता. धड राहिलेला हात लांबवून तिने ओट्यावरची सुरी उचलली आणि रोज डुकराला जिथे कापायची तिथे, काखेखाली, मुठीपर्यंत खुपसली.

तो धडपडत पायऱ्यांवरून खाली गेला आणि गवतात पालथा पडला. सळई हातातून सुटली होती. तेवढ्यावर ती थांबली असती तर आमच्या काउंटीत ज्यूरीवर बसणाऱ्या एकाही पंचाने तिला दोष दिला नसता. पण ती खाली उतरली, त्याच्या पाठीवर गुडघा टेकला आणि पुन्हा सुरी चालवली, त्याचं हलणं थांबेपर्यंत. मग पायरीवर बसून रडली. त्याच्यासाठी रडली का स्वतःसाठी, ते तिलाही सांगता येईना.

या वेळी मात्र शेरीफची माणसं लगेच आली.

निवडणुकीच्या दिवशी ती कोठडीत होती, पण तिचं मत आधीच पेटीत पडलेलं होतं. शेरीफ थोडक्या मतांनी हरला. ही बातमी तिला सरकारने दिलेल्या वकिलाने, मेबरीने सांगितली. त्याला तिची खरोखर कणव होती, म्हणून त्याने हात जोडून सांगितलं की मावशी, गुन्हा कबूल करा. काही वर्षांत सुटाल. शिक्षा पुरी होईपर्यंत मताचा हक्क जाईल, पण ते चालतंय. खटला लढून हरलात तर मात्र इथेच म्हाताऱ्या व्हाल, आणि ते गवतातले घाव पंच विसरणार नाहीत.

व्हर्लीनचा जबडा पुन्हा तारांनी बांधलेला होता. शब्द दातांच्या फटीतून काढावे लागत होते.

"नवा शेरीफ पण चार वर्षंच ना?"

"हो."

"मग कबूल नाही करत," ती म्हणाली. "तेव्हाही मत द्यायचंय मला. तू लढ."