ब्रेकबाईंचा उजवा पाय

ब्रेकबाईंची उजवी चप्पल डावीच्या आधी झिजते. कोपऱ्यावरचा चपला दुरुस्त करणारा दर वेळी एकाच चपलेला नवा तळ लावून देतो आणि दर वेळी तेच विचारतो, "बाई, लंगडी खेळता का?"

लंगडी नाही, बाई गाडी शिकवतात. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग, तोंडात देवाचं नाव आणि बाईंच्या उजव्या पायाखाली सगळ्यांचा जीव. इतक्या वर्षांत त्या पायाला अशी सवय जडली आहे की तो आता मालकिणीला विचारत नाही. दिराच्या गाडीत बसल्या की दाबतो. सिनेमात पडद्यावरची गाडी वळणावर आली की पुढच्या खुर्चीला लाथ बसते आणि माणूस मागे वळून बघतो. लिफ्टमध्येसुद्धा दाबतो म्हणे, पण ते दिराचं सांगणं, त्यातलं निम्मं धरावं. नवऱ्यावर मात्र त्या पायाची वेळ कधी आली नाही. तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरीला, आणि बोलतोच इतकं कमी की थांबवायचं काय?

यांना एकच लेक. केस कायम तोंडावर, म्हणून लहानपणी पडलेलं नाव झिपरी. ही झिपरी जनावरांची डॉक्टर व्हायला परदेशी गेली. गेली तेव्हा दोन्ही सरकारांचं चांगलं गूळपीठ होतं. इकडच्या मुलांनी तिकडे शिकावं, तिकडच्यांनी इकडे, शेवटची दोन वर्षं तिथल्याच जनावरांच्या दवाखान्यात हात चालवावा आणि मिळालेली पदवी दोन्हीकडे चालावी, असा करारच होता. मग तिकडे निवडणूक झाली, नवी मंडळी खुर्चीवर आली आणि करार मोडणार अशी कुजबुज सुरू झाली.

तेव्हाच शेजारच्या देशातलं एक विद्यापीठ अशी अर्ध्यावरची मुलं घ्यायला तयार होतं. झिपरीनं फोन केला, "आई, जाऊ का?"

बाईंचा पाय जमिनीवर आपटला. "थांब! सरकारं येतात नि जातात. उगाच घाई करू नकोस."

झिपरी थांबली. सरकार काही गेलं नाही, करार मात्र गेला. आणि शेजारच्या विद्यापीठातल्या जागाही भरल्या. आता परदेशी मुलांनी वर्गात बसून ऐकायला नव्या सरकारची हरकत नव्हती, पण दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. दवाखाना नाही तर पदवी नाही. म्हणजे गाडी शिकवणार पण रस्त्यावर काढू देणार नाही, असं बाईंनी ते स्वतःपुरतं समजून घेतलं. त्या "थांब"बद्दल मायलेकी पुढे कधी बोलल्या नाहीत. दोघी हवापाण्यावर बोलत. हवापाण्यावर एवढं बोलणाऱ्या मायलेकी गल्लीत दुसऱ्या नाहीत.

यंदा आणखी एक दार किलकिलं झालं. तिसऱ्याच देशातलं एक विद्यापीठ अडकलेल्या मुलांना घेत होतं. एक वर्ष मागे जावं लागणार, भाषा नवी शिकावी लागणार आणि जायचं तर थेट जायचं. मध्ये घरी आलं की परवानगी रद्द. उत्तर शुक्रवारपर्यंत. नाहीतर सामान आवरून घरी.

बाईंच्या मनात काय होतं हे सांगायला ज्योतिषी नको. वरच्या खोलीतली गादी उन्हात पडली होती आणि खिडकीला नवा पडदा लागला होता.

बुधवारी दीर आला. दीर म्हणजे घरचा परराष्ट्रमंत्री. चहा घेता घेता जगाची घडी बसवून द्यायची त्याला हौस. त्यानं टेबलावरचे कप सरकवले.

"वहिनी, हा कप म्हणजे तिकडचं सरकार. ही बशी म्हणजे आपलं. हा बिस्किटांचा डबा म्हणजे नवा देश. आणि ही साखरदाणी म्हणजे आपली झिपरी." त्यानं साखरदाणी उचलून हवेत धरली. "आज हा कप उलटला. उद्या डबा उलटणार नाही कशावरून? बोलवा परत. घरात ठेवा. पुढचं पुढे बघू."

"मी तेच म्हणते भाऊजी," बाई म्हणाल्या. "झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं. इथे कुणाच्या तरी हाताखाली लागेल."

नवरा शब्दकोडं सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "साखरदाणीला विचारा की."

टेबलाखाली बाईंचा पाय असा दाबला गेला की टेबल हललं आणि तिकडच्या सरकारातला चहा दिराच्या पँटवर सांडला.

"वहिनी, अहो मी पार्किंगमध्ये आहे!"

गुरुवारी सकाळी औषधवाल्यांची लायसन्सची परीक्षा होती. नाक्यावरच्या औषधांच्या दुकानाचे हे मालक. पन्नाशी ओलांडलेले, दुकानात सगळ्या गल्लीला दम देणारे, पण स्टिअरिंग हातात आलं की कोकरू. बाईंनी त्यांना तब्बल दोनदा अख्खी शिकवणी दिली होती. छान चालवत. वळणावर हळू, चौकात थांबणं, सगळं कसं बिनचूक.

आजवर परीक्षा घेणारा साहेब मागे बसायचा आणि बाई आपल्या जागी. यंदा नवा साहेब आला होता. त्यानं दार उघडून धरलं. "बाई, तुम्ही उतरा. तुमच्या जागी मी बसतो. आणि हे बघा औषधवाले, मी पाय लावणार नाही."

बाई मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. गाडी निघाली, झोकात वळली, थांबायची पांढरी रेघ आली, रेघ गेली, आणि पुढे मांडलेली तीन रिकामी पिंपं एकापाठोपाठ एक आडवी झाली. चौथ्याला साहेबांनी पाय लावला. बाईंचा पाय इकडे मातीत रुतला होता.

औषधवाले घाम पुसत आले.

"अहो, ब्रेक कुठे होता तुमचा?" बाई कडाडल्या.

"पायाखालीच होता."

"मग दाबला का नाही?"

"दाबायचं काम तुमचं ना?"

"माझं? मी कधी दाबला?"

औषधवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते चिठ्ठीशिवाय औषध मागणाऱ्याकडे पाहतात. "कधी? प्रत्येक चौकात, बाई. मला वाटायचं गाडीच शहाणी आहे. मग एकदा तुमच्या पायाकडे लक्ष गेलं. म्हटलं, बाईंची पद्धत असेल. पद्धतीत आपण कशाला बोला?"

बाईंनी मातीत रुतलेला पाय उपसला. मग त्या गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

"चला. दुकानापर्यंत तुम्हीच न्यायची."

औषधवाले निघाले. बाईंनी चप्पल काढली, उजवा पाय उचलून मांडीखाली घेतला आणि त्यावर चांगल्या बसल्या. औषधवाल्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. चौक आला. समोरून एक माणूस नारळांची हातगाडी ढकलत रस्ता ओलांडत होता.

"बाई! बाई, पाय!"

"पाय झोपलाय माझा."

"अहो, उठवा की त्याला!"

पाय मांडीखाली वळवळला. बाईंनी त्यावर आणखी भार दिला. गाडी कचकन थांबली, इंजिन बंद पडलं आणि बाईंचं कपाळ समोर आपटलं. नारळवाला गाडीला हात टेकून, जे बोलायचं ते सगळं बोलून घेऊन पुढे गेला. मागे हॉर्नचा गिल्ला.

"मी थांबवली!" औषधवाल्यांचा आवाज फुटला. "बाई, मी थांबवली!"

"थांबवलीत. आता मागचे खाली उतरून मारायला यायच्या आत चालू करा."

संध्याकाळी झिपरीचा फोन आला. बाईंनी तो टेबलावर उभा करून ठेवला, खुर्चीत बसल्या आणि उजवा पाय मांडीखाली घेतला. नवऱ्यानं कोड्यावरून नजर उचलून पाहिलं, पुन्हा खाली घातली.

"आई, कपाळाला काय झालं?"

"काही नाही. औषधवाले गाडी थांबवायला शिकले. तू बोल."

"उद्या सांगायचंय त्यांना. तू काय म्हणतेस?"

वरच्या खोलीतली गादी बाईंच्या डोळ्यांसमोर आली. 'ये घरी' हे शब्द जिभेवर आले होते, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

"तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

झिपरीनं केस बाजूला केले आणि फोनच्या जवळ आली. "बाबा, आई बरी आहे ना?"

"दुपारपासून अशीच आहे," नवरा म्हणाला.

"अगं, विचारते तर सांग ना!"

मग झिपरी बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभर. तिथे पहिल्याच महिन्यात दवाखान्यात घेतात. गायी, घोडे, मेंढ्या. भाषेची भीती वाटते, कारण जनावरं समजून घेतील पण त्यांचे मालक कसले घेतात. घरी यायचं म्हटलं तर आता दोन वर्षं नाही. मांडीखालचा पाय धडपडत होता. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आणि तिथलंही सरकार बदललं तर?" झिपरीनं विचारलं.

हा दिराचा प्रश्न होता. त्याचं लांबलचक उत्तर बुधवारपासून बाईंकडे तयार होतं.

"बदलू शकतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा तिथे तू असशील. काय करायचं ते तू बघशील."

"मागच्या वर्षीसारखं थांब म्हणणार नाहीस?"

"नाही."

झिपरीनं नाक ओढलं, इकडे तिकडे पाहिलं, मग हसली. "मग मी जाते, आई."

"जा," बाई म्हणाल्या. "गरम कपडे घे. आणि ते केस बांध, मेंढ्या खातील."

फोन बंद झाला. बाई वर जाऊन गादी गुंडाळून ठेवावी म्हणून उठायला गेल्या तर मटकन खाली बसल्या. उजवा पाय जागेवर आहे की नाही हेच कळेना. नवऱ्यानं कोडं बाजूला ठेवलं, समोर स्टूल ओढलं, त्यांचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि पोटरी चोळायला लागला.

"मुंग्या आल्यात हो. हळू, हळू चोळा!"

"येणारच," तो म्हणाला. "वीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टी मिळालीय त्याला."