उतरवलेली चांदणी

मोर्चावरच्या पोलीस गोळीबारानंतरचा नाताळ. नायगावच्या चाळीत एका ख्रिस्ती काकांनी गॅलरीत कागदी चांदणी टांगली होती. शेजारच्या बाईंचा मुलगा त्याच गोळीबारात गेलेला. आम्ही चाळीतली पोरं काकांना जाब विचारायला गेलो.

"सुतकात रोषणाई? उतरवा, नाहीतर फाडू," मी दरडावलं.

"फाडा," चष्मा पुसत ते म्हणाले. आमचा हात उठेना.

तेवढ्यात त्या बाई दारात आल्या आणि चांदणी दिसताच आत वळल्या. काकांनी लगेच स्टूल आणून ती सोडवली.

"घाबरलात ना शेवटी?" मी खिजवलं.

"तुम्हाला भ्यायलो असतो तर मघाशीच उतरवली असती, बाबा. तिला बघवेना, म्हणून उतरवली. प्रभूला काय, अंधारातही येता येतं."

तिच्या सुतकासाठी भांडायला गेलेल्या आमच्यापैकी एकानेही तिचं दार ठोठावलं नव्हतं.