पापडाच्या पिठाचं सुतक

सर्व वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की पाथरीत एका उन्हाळ्यात माझ्या हातून एक खून झाला. उडदाचा पापड तळल्याचा वास आला की तो आठवतो. त्या सुट्टीत भुताखेतांपासून प्रवासवर्णनांपर्यंत मी मिळेल ते वाचत होतो. शेजारच्या काकूंना वाचता येत नसे. त्या पापड लाटायच्या आणि मी त्यांना एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवायचो. पण घरी नवी रहस्यकथा वाट पाहत होती, म्हणून निम्म्यातच मी नायिकेला तापाने मारलं आणि पुस्तक मिटलं. काकूंनी लाटणं खाली ठेवलं, डोळे पुसले. "सुतकात पापड करत नसतेत," म्हणत सगळं पीठ गाईला घातलं. परवा, इतक्या वर्षांनी, माझ्या ताटात पापड वाढताना त्या म्हणाल्या, "त्या पोरीचं लय वाईट वाटतंय रे अजून." माझ्या तोंडून निघूनच गेलं, "काकू, पुस्तकात तिला नातवंडं झाली हो, म्याच मारलं तिला!"