मशीन ठणठणीत आहे

ऑफिसातले सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत, कारण बंद पडलेला कॉम्प्युटर तिचा हात लागला की हमखास सुरू व्हायचा. पुलांचे नकाशे काढणाऱ्या काकांचं जुनं मशीन मात्र तिने दोन महिन्यांपूर्वी घाईघाईत तपासलं आणि सांगून टाकलं, "मशीन ठणठणीत आहे." मग नकाशातल्या चुकीच्या मापांचं खापर काकांवर फुटलं आणि त्यांना घरी बसवलं गेलं.

त्यांच्या जागी आलेल्या बाईंचीही मापं त्याच मशीनवर आपोआप बदलायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईने ते पुन्हा उघडलं. तिने मेमरीच्या चारही पट्ट्या काढून पुसल्या आणि एकेक लावून तपासल्या. तिसरी लावल्यावर पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरून गेला.

तिने साहेबांना सगळं लिहून दिलं, स्वतःची चूकही लिहिली, आणि काकांना फोन लावला.

"काका, दोष मशीनचाच होता. मी नीट बघितलंच नाही."



"मला वाटलं, माझीच नजर गेली," काका म्हणाले. "आता साध्या पट्टी-पेन्सिलीने रेघ मारली तरी तीनदा मोजतो, आणि तरी भरवसा वाटत नाही गं."

साहेबांनी त्यांना परत बोलावलं. काका आले नाहीत.