आषाढातली आवराआवर

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या बाजारात भेंडी निवडत होते. रविवार दुपार, आणि रविवार म्हणजे तिच्याच फोनचा वार. मी सवयीनं म्हटलं, "बोल गो, आज लवकर आठवण झाली." पलीकडे भाऊजी होते. पूजेची फुलं काढून आली, खुर्चीत टेकली आणि... पुढचं मी ऐकलं की नाही, आठवत नाही. भेंडी मात्र घेतली. घरी येऊन बघते तर पिशवीभर. एकट्या बाईला काय करायची होती एवढी?

ताई आणि भाऊजी, दोघांनी महाडच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात घालवला. भाऊजी एका आध्यात्मिक मंडळाचे जुने उपासक. हे मंडळ निवृत्त जोडप्यांना परदेशातल्या केंद्रांवर धाडतं. तिथे प्रवचनं करायची, मुलांचे संस्कारवर्ग घ्यायचे, दोन वर्षांनी परत यायचं. भाऊजींना दोनतीनदा विचारणा झाली होती, पण ताई ठाम नाही म्हणायची. महाड सोडून मला करमायचं नाही, हे तिचं ठरलेलं उत्तर. मग सावित्रीला तो मोठा पूर आला. त्यांच्या घरात पंख्यापर्यंत पाणी होतं. दोघं शेजाऱ्यांच्या गच्चीवरून नुसती बघत राहिली. पुढे चिखल निघाला, रंग झाला, नवी भांडी आली, पण ताई काही जाग्यावर आली नाही. जरा ढग भरून आले की हातातलं काम टाकून नदी बघायला जायची. रात्रभर टक्क जागी. गच्चीवर काय झालं, काय वाटलं, याबद्दल अवाक्षर नाही. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणायची, "जाऊ दे गो, सगळ्यांचंच गेलं."

अशा अवस्थेत भाऊजींनी मंडळाला होकार कळवला. मी भडकले. अहो, या वयात, हे गुडघे घेऊन, आफ्रिकेत? माझं घर पोलादपुरात उंचावर आहे, तिला इथे ठेवा म्हटलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, तिला विश्रांती नको, काम हवंय. मी तोंड फुगवूनच नाचणीचं पीठ बांधून दिलं.

केनियातलं एल्डोरेट. आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंच, बारा महिने गारठा. भाऊजी कानटोपी घालून प्रवचनं करत होते म्हणे. उपासनेला येणारी बहुतेक कुटुंबं गुजराती, शिवाय तिथली काही तरुण मुलंमुली. ताईचे पहिले महिने नुसत्या तक्रारींत गेले. फाटकाला पहारेकरी, बाहेर पडायचं तर गाडी, वाटीभर साखर मागायला कुणी येत नाही, आणि नाचणीचं म्हणशील तर इथल्या बाजारात ढिगानं मिळते, उगाच ओझं दिलंस. केव्हा एकदा घरी येते असं झालंय, हे दर रविवारचं शेवटचं वाक्य. मी तोंडानं समजूत काढायची, पण मनातून मला बरं वाटायचं. येईल परत, आमची आहे ती.

महाडच्या बाजारपेठेत आषाढ लागला की घरोघरी आवराआवर सुरू होते. तांदळाचे डबे, गाद्या, कागदपत्रं, सगळं माळ्यावर. एल्डोरेटलाही त्या महिन्यांत पाऊस असतो. ताईनं पदर खोचला आणि डबे, अंथरुणं, देव, भाऊजींच्या पोथ्या, सगळं कपाटांवर चढवलं. भाऊजी म्हणाले, विजया, इथे पाणी चढायचं तर आधी अख्खी आफ्रिका बुडायला हवी. ती म्हणाली, असू दे. भजनाला आलेल्या बायकांनी ते पाहिलं. विचारलं कुणीच नाही. पुढच्या आषाढात मात्र एकजण भाऊजींना विचारायला आली की या व्रताचं उद्यापन कसं करायचं? चारपाच घरांत डबे वर गेले होते. एकीनं तर शेगडीही कपाटावर चढवली होती आणि जावेकडून डबा मागवून खात होती. भाऊजींना घाम फुटला. आमच्याकडची जुनी रीत आहे, असं सांगून वेळ मारून न्यायचा त्यांचा विचार होता. त्या दिवशीच्या उपासनेत ताई, जी कधी बोलायला उभी राहायची नाही, ती उठली.

"हे व्रत नाही. मी घाबरते म्हणून करते," ती म्हणाली, आणि मोडक्या हिंदीत तिनं सगळं सांगितलं. गच्चीवरून आपल्याच घराचं दार उखडताना पाहिलं ते. आईची पैठणी पाण्यावरून जाताना दिसली ते. कुणी हसलं नाही. कांताबेन नावाची वयस्कर बाई उठून तिच्याशेजारी येऊन बसली. तिच्या लहानपणी युगांडातून सगळ्या भारतीयांना एका पिशवीनिशी हाकलून दिलं, त्यांतली ती. म्हणाली, माझ्या पलंगाखाली अजून भरलेली पिशवी असते, सुनेलासुद्धा ठाऊक नाही.

हे मला ताईनं रविवारी सांगितलं, आणि मला भरून यायच्या ऐवजी राग आला. सख्ख्या बहिणीला इतकी वर्षं जे सांगितलं नाहीस, ते परक्यांना? तसं बोललेही. त्यानंतर मात्र "केव्हा एकदा येते" हे तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. दोन वर्षं संपली, मुदत वाढली. आता काय तिकडचीच झालीस, असं मी टोचलं तेव्हा म्हणाली, "सुमे, मला इथे झोप लागते गो."

अंत्यविधी तिकडेच झाले. मी फोनवर हट्ट धरला, अस्थी तरी इकडे आणा. भाऊजी घेऊन आले. आमच्या रीतीप्रमाणे कलश घरात न घेता अंगणातल्या फणसाला बांधला. चुलतकाका म्हणाले, "सावित्रीतच सोडायची रीत हाय, दुसरं काय नाय." दुसऱ्या दिवशी आम्ही महाडला घाटावर गेलो. उन्हाळ्यातली सावित्री, गुडघाभर पाणी, म्हशी डुंबत होत्या. गुरुजींनी खूण केली, भाऊजी वाकले, आणि मी त्यांचा हात धरला. ज्या पाण्यानं हिची झोप नेली, त्याच पाण्यात हिला मी सोडू? तेही मला ती परत हवी होती म्हणून?

"भाऊजी, नको. हिला परत न्या."

काका तणतणले. गुरुजींनी घड्याळ बघितलं. भाऊजी पाण्यात उभे राहून लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, मलाही तेच वाटत होतं, पण तुला कोण सांगणार?

ते कलश घेऊन परत गेले. कांताबेनच्या परसात अस्थी मातीत ठेवून वर झाड लावलंय. कसलं, ते त्यांना सांगता येईना. ये बघायला, म्हणाले. मी पुण्यापलीकडे न गेलेली बाई, पण परवा पासपोर्टसाठी फोटो काढून आले. तेव्हापासून चैन नाही. बॅग काढते, ठेवते. एक स्वेटर पुरेल की शालही घ्यावी? सुती साड्या चालतील का? बघू, विचारते, म्हणून फोन हातात घेते... आणि नंबर लावता लावता कळतं, कुणाला लावतेय ते.