साहेबानं दोनदा विचारलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगावंसं वाटलं होतं, तेव्हाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसापुढे बोलायची छाती माझ्यात अजून नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी शहाद्याला इंग्रजी शाळेत इंग्रजी शिकवतो. मी हट्ट धरला म्हणून शाळेत एक ग्रामोफोन आला, आणि त्याच्याबरोबर रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीच्या तबकड्या. एकीत स्टेशनवर तिकीट मागणारा माणूस आहे, एकीत शिंप्याशी हुज्जत घालणारी बाई, एकीत हवापाण्यावर बोलणारे दोन म्हातारे. मी तबकडी लावतो, पुस्तकं मिटायला सांगतो आणि विचारतो — काय म्हणाला तो? ज्याला कळलं नाही त्यानं उभं राहून इंग्रजीत म्हणायचं, ‘मला समजलं नाही, कृपा करून पुन्हा सांगा.’ हे वाक्य मी पहिल्या दिवशी शिकवतो. कविता नंतर, व्याकरण नंतर. माझ्या पाठीमागे पोरं माझी नक्कल करतात ती याच वाक्यानं. गावात म्हणतात, मास्तरांना ऐकण्याचं भारी वेड आहे.

वेड कशामुळे लागलं, तेच सांगायला बसलोय. पण आधी थोडं माझ्याबद्दल सांगू द्या — नाही, बचावासाठी नाही. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी बी.ए. आहे. आमच्या गावातला पहिला. हे लिहितानाही मान थोडी ताठ होते, काय करणार? माझ्या बापाला सही येत नव्हती. मी पास झालो तेव्हा त्यानं पदवीचा कागद काचेत बसवून ओसरीवर लावला, आणि कापूस वेचायला आलेल्या मजुरांनाही तो हात धुऊन या म्हणून दाखवायचा. माझं इंग्रजी लिहिणं चांगलं होतं, आजही आहे. पण इंग्रजी ऐकणं? पुण्याला कॉलेजात बहुतेक प्राध्यापक आपलेच. त्यांचं इंग्रजी मराठीच्या चालीनं चालायचं, कळायचं. एकच गोरे होते. त्यांच्या तासाला मी दोन वर्षं बसलो आणि फार तर चौथा हिस्सा कळला. वर्ग हसला की मी हसायचो, थोडा उशिरा. खोलीवर आल्यावर दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचो. परीक्षा लिहून द्यायची होती. ऐकून कोण घेत होतं?

म्हणजे खोटं तेव्हाच सुरू झालेलं होतं. फक्त त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आता दित्याकाका. दित्या सातपुड्यातला, धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहणारा. दर वर्षी कापूस वेचायला बायकापोरांसह आमच्या शेतावर उतरायचा. मी लहान असताना गोमाई नदीला पाणी असलं की मला खांद्यावर घेऊन पलीकडे शाळेला पोचवायचा. त्याच्या घरी पावरी बोली, आमच्या घरी अहिराणी. तो आमच्याशी मोडकीतोडकी अहिराणी बोलायचा आणि आम्ही हसायचो. मी बी.ए. झालो तेव्हा काचेतल्या कागदासमोर तो हात जोडून उभा राहिला होता.

त्या हिवाळ्यात तो वेचणी अर्ध्यावर टाकून माझ्याकडे आला. ही दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. जंगलखातं हद्दीची नवी रेघ आखत होतं आणि ती त्याच्या शेतावरून जाणार होती. शेत आणि शेतातले अकरा मोह. तुम्हाला मोह म्हणजे एक झाड वाटेल. तिकडे प्रत्येक मोह कुणाच्या ना कुणाच्या घरचा असतो. त्या अकरांतला एक त्याच्या आजाच्या नावानं होता, एक मेलेल्या बहिणीच्या. फुलं पडू लागली की पहिली ओंजळ त्यांच्या बुंध्याशी ठेवायची आणि मग घरात न्यायची. विलायतेहून नुकताच आलेला जंगलसाहेब धडगावला तंबू ठोकून एकेकाचं म्हणणं ऐकत होता. त्याला मराठी येत नव्हती, आणि त्याचा दुभाष्या कारकून हिवतापानं पडला होता. दित्या एवढंच म्हणाला की भाऊ, तुला साहेबाची भाषा येते.

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. मला जायचंच होतं.

दोन दिवस घाट चढताना मी साहेबापुढे बोलायचं इंग्रजी मनात घोटून पाठ केलं. तंबूबाहेर आमची पाळी यायच्या आधी दित्यानं माझा उजवा हात आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाला, “भाऊ, आते मन्हं तोंड तू.”

या बोलण्याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. त्यांच्या पाड्यात पंच बसले की ज्याचा वाद असतो तो स्वतः बोलत नाही. आपल्या भरवशाचा माणूस उभा करतो आणि त्याला आपलं तोंड म्हणतो. मग तो बोलेल ते आपलंच बोलणं. मध्ये बोलायचं नाही आणि मागाहून फिरायचं नाही.

मी बोललो. काय बोललो म्हणता! न अडखळता, लांब लांब वाक्यं, ‘नम्र अर्जदार’ आणि ‘पिढ्यान् पिढ्या’. त्या महालाचा कारभार पाहणारे महालकरी खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. बाहेर उकिडवी बसलेली माणसंही गप्प झाली. साहेब तरुण होता, तोंडात चिरूट. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खाली नकाशाकडे पाहिलं आणि मला काहीतरी विचारलं.

मला काहीच कळलं नाही. एखादा शब्द चुकला असं नव्हे — सबंध वाक्यच कानाजवळून निघून गेलं, पाठीवर थाप मारून पळून जावं तसं. झाडं असा एक शब्द त्यात होता, एवढंच.

तेव्हा काय म्हणायचं असतं, हे आता माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही माहीत आहे. मी म्हणालो, “येस सर.”

साहेबानं लगेच लिहिलं नाही. त्यानं दित्याकडे पाहिलं, चिरूट बाजूला ठेवला आणि पुन्हा विचारलं. या खेपेला सावकाश. तो मला संधी देत होता, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण महालकरी बघत होते. बाहेरची माणसं बघत होती. आणि दित्या माझ्याकडे पाहत होता, ओसरीवरच्या त्या कागदाकडे पाहायचा तसाच.

“येस सर,” मी म्हणालो. आणि वर आणखी, “नक्कीच, सर.”

साहेबानं मान हलवून नकाशावर रेघ ओढली.

आम्ही बाहेर आलो. दित्यानं काही विचारलं नाही. मी सांगेन तेव्हा ऐकायचं. मी मात्र सांगायचं टाळत उगाच तंबूमागच्या चुलीकडे गेलो. तिथे साहेबाचा खानसामा चहा करत होता. महूच्या गोऱ्या पलटणीच्या छावणीत जन्म गेलेला म्हातारा, एक अक्षर लिहिता-वाचता न येणारा. माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, “बाबू, वो आदमी सच में राजी है?”

कशाला राजी, मी विचारलं. तेव्हा त्यानं मान वर केली. त्याच्या सगळं लक्षात आलं असावं, कारण नंतरचं तो फार हळू बोलला. “साहब ने पूछा, नीचे जमीन देंगे, ये अपनी खुशी से जाएगा क्या? नहीं जाना हो तो बोलो, लाइन उसके खेत से घुमा देंगे. दो दफे पूछा. तुमने दोनों दफे यस बोला.” मग चहाचा ट्रे उचलत म्हणाला, “चलो मेरे साथ. बोल दो, समझा नहीं था. एक मिनिट का काम है.”

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. इथून पुढचं चूक नाही.

मी त्याच्या मागून गेलो, खरंच गेलो. तंबूच्या दाराशी महालकऱ्यांनी मला पाहिलं आणि साहेबाला काही सांगितलं. माझं कौतुकच असणार, कारण साहेब हसला आणि त्यानं बोटानं खूण केली. शिपायानं खुर्ची आणली. माझ्यासाठी. आमच्या कुळात साहेबापुढे खुर्चीवर बसलेला मी पहिला. नकाशा मेजावर तसाच उघडा होता. खानसामा कप ठेवून माझ्या शेजारी थांबला — जरुरीपेक्षा जास्त वेळ थांबला. मी कप उचलला. तो गेला.

मी तो चहा सगळा प्यालो.

बाहेर येऊन दित्याला सांगितलं, साहेब नाही म्हणाला. वरचा हुकूम आहे, त्याचाही इलाज नाही. दित्यानं उलट माझीच तारीफ केली, “तू बोलना भाऊ, भलतं चांगलं बोलना.” मग माझी पिशवी खांद्यावर घेऊन तो घाट उतरू लागला. मी ती त्याला घेऊ दिली.

पुढच्या आठवड्यात कारकून बरा झाला. दित्याच्याच पाड्यावरच्या दोन घरांनी कारकुनाकडून नाही म्हणून सांगितलं, आणि रेघ त्यांच्या शेतांना वळसा घालून गेली. आजही गेलेली आहे. त्यांनी दित्याला म्हटलं, तूही जा पुन्हा. तो गेला नाही. म्हणाला, माझं तोंड बोलून झालं आहे.

मोह फुलायच्या आधी त्याला उतरावं लागलं. खाली मिळाली ती जमीन मुरमाड, जवळ पाणी नाही. पहिल्याच वर्षी त्याची म्हातारी आई कुणाला न सांगता वर चढून गेली, फुलं वेचायला. जंगल-शिपायानं तिची टोपली हिसकावली. पहिली ओंजळ बुंध्याशी ठेवून झाली होती का, हे दित्या तिला विचारत होता असं मी ऐकलं. दित्या मात्र धडगाव-शहाद्याच्या बाजारात मी दिसलो की चार माणसांना थांबवून सांगायचा, याच भावानं माझं बोलणं साहेबाला सांगितलं. प्रत्येक वेळी. आणि मी प्रत्येक वेळी हसून पुढे जायचो, थोडा उशिरा.

आता साहेब लोक देश सोडून गेले. परवाच्या उन्हाळ्यात दित्या आजारी असल्याचा निरोप आला. सांगायचंच असं ठरवून मी गेलो. वाटेत वाक्यं जुळवली, पाठ केली. तो खाटेवर होता. त्याच्या बायकोनं त्याला टेकवून बसवलं. इकडचं तिकडचं झालं. मग मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानंच विचारलं. रागानं नाही, बरेच दिवस मनात राहिलेलं विचारावं तसं.

“भाऊ, साहेबनी दोनदा काय इचारं व्हतं?”

म्हणजे त्यानं मोजलं होतं. भाषा कळत नव्हती, तरी त्यानं ऐकलं होतं.

“याद नही, काका,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. “हां. बहू दिन व्हई गयात.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यांच्यात तोंडाला दोनदा विचारत नाहीत. मी थोडा वेळ बसलो आणि उन्हं असतानाच निघालो. पावसाळ्याआधी तो गेला. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी पहिला तास माझा होता. मी तबकडी लावली, आणि पुस्तकं मिटायला सांगितली.